टाकळीकर, तेलंखेडीकर, नागपूरकर : गोगलगायींना लॅटिन आडनावं देणाऱ्या हिस्लॉपची गोष्ट

रामटेकच्या गडाकडे चढताना आजूबाजूच्या झुडपांत कुडा दिसतो. पांढरी फुलं, लांबट शेंगा. कालिदासाच्या मेघदूतातला यक्ष आषाढातल्या ढगाला जी फुलं वाहतो ती कुटजाची, म्हणजे याच कुड्याची. मेघदूतातला रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, हे मत नागपूरचे संस्कृत पंडित वा. वि. मिराशी यांनी मांडलं आणि विदर्भात ते आता घरोघरी पोचलंय.

याच कुड्याचं शास्त्रीय नाव आहे होलॅऱ्हेना प्युबेसेन्स. ऐकायला जड वाटतं, पण प्युबेसेन्सचा लॅटिन अर्थ अगदी साधा आहे : बारीक लव असलेला. याच झाडाचं जुन्या पुस्तकांतलं नाव होलॅऱ्हेना अँटिडिसेन्टेरिका, म्हणजे हगवणीवर चालणारा. कुड्याची साल पोटाच्या तक्रारीवर देतात हे गावातल्या आजीलाही माहीत असतं. त्याचा भाऊबंद काळा कुडा, त्याचं नाव राइटिया टिंक्टोरिया. टिंक्टोरिया म्हणजे रंगाऱ्याच्या कामाचा, कारण त्याच्या पानांपासून निळा रंग काढायचे. आपला साग टेक्टोना ग्रँडिस, म्हणजे मोठा, भव्य.

थोडक्यात काय, शास्त्रीय नावातला दुसरा शब्द म्हणजे बहुतेक वेळा त्या जिवाचं एका शब्दातलं वर्णन असतं. कधी रूप, कधी रंग, कधी उपयोग, कधी पत्ता. स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७५३ मध्ये वनस्पतींसाठी आणि १७५८ मध्ये प्राण्यांसाठी ही दोन शब्दांची पद्धत पक्की केली. त्याआधी एकेका झाडाचं नाव म्हणजे अख्खं लॅटिन वाक्य असायचं.

आता तुम्ही म्हणाल, यात नागपूर कुठून आलं? तर नागपूरच्या आजूबाजूला, दगडांच्या पोटात, टाकळी आणि तेलंखेडी ही आपली गावं लॅटिनमध्ये जाऊन बसलीयेत. आणि ती तिथे बसवणाऱ्या माणसाचं नाव नागपुरात रोज हजारो पोरं घेतात, बहुतेकांना तो कोण होता हे माहीत नसताना. हिस्लॉप. स्टीफन हिस्लॉप.

गवंड्याचा मुलगा

हिस्लॉपचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ चा, स्कॉटलंडमधल्या डन्स नावाच्या छोट्या गावातला. योगायोग असा, की त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इकडे नागपुरात सीताबर्डीची लढाई झाली आणि भोसल्यांच्या राज्यावर इंग्रजांची पकड बसली. ज्या टेकडीवर ती लढाई झाली, त्याच टेकडीचे थर पुढे हा माणूस मोजणार होता.

वडील गवंडीकाम करायचे. घरात धर्माचं वातावरण होतं आणि लहान स्टीफनला किडेमकोडे गोळा करायचा नाद होता. पुढे एडिंबरा आणि ग्लासगो इथे त्याचं शिक्षण झालं. धर्मोपदेशक व्हायचं म्हणजे लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू यांच्याशी झटापट आलीच. ही लॅटिन त्याच्या कामी चर्चमध्ये किती आली ते सोडा, टाकळीच्या माळावर मात्र फार आली.

१८४४ च्या शेवटी फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचा मिशनरी म्हणून तो पत्नी इरॅस्मासोबत मुंबईत उतरला आणि १८४५ मध्ये नागपुरात पोचला. तेव्हा नागपूर ब्रिटिशांचं नव्हतं. गादीवर तिसरे रघूजी भोसले होते. सीताबर्डीला इंग्रज रेसिडेंट आणि कामठीला फौजेची छावणी. हिस्लॉप मराठी शिकला आणि १८४६ मध्ये त्याने नागपुरात शाळा काढली. मिशनऱ्यांच्या हेतूंबद्दल तेव्हाही शहरात संशय होता, वाद होते, आणि आजही त्याकडे पाहण्याच्या दोन बाजू आहेत. पण मुलं शाळेत येत राहिली.

१८४७ मध्ये त्याच्या जोडीला रॉबर्ट हंटर नावाचा दुसरा मिशनरी आला. हाही वनस्पती-दगडांचा वेडा. पुढे इंग्लंडला परतल्यावर याच हंटरने इंग्रजीचा एक भलामोठा कोश संपादित केला. दोन पाद्री, दोघांनाही शब्दांचा नाद आणि दोघांनाही दगडांचा. नागपूरच्या भूगर्भाला याहून बरी जोडी मिळाली नसती.

टाकळीचा माळ

१८५१ साल. सीताबर्डीच्या पश्चिमेला दोनेक मैलांवर टाकळी नावाचं गाव होतं. आज पोलीस लाइन टाकळी म्हटलं की नागपूरकरांना लगेच कळतं, तीच. तिथे फिरताना हिस्लॉप आणि हंटर यांना दगडात शिंपले दिसले.

काळ्या दगडात शिंपला सापडणं विचित्र का आहे, हे आधी समजून घ्यायला हवं. नागपूरपासून पार मुंबईपर्यंत पसरलेला आपला काळा पाषाण म्हणजे थंड झालेला लाव्हा. धगधगत्या लाव्ह्यात कुठला जीव टिकणार? पण हिस्लॉपला दिसलं की शिंपले लाव्ह्यात नाहीत, लाव्ह्याच्या दोन थरांच्या मधे दबलेल्या पातळशा गाळाच्या थरात आहेत. म्हणजे लाव्ह्याचा एक लोट आला, थंडावला. त्यावर पाऊस पडला, खोलगट जागी तळी साचली, काठाला झाडं उगवली, पाण्यात गोगलगायी आल्या. मग कधीतरी पुन्हा लाव्हा आला आणि ते अख्खं तळं जसंच्या तसं झाकून टाकलं.

अशा थरांतले जीवाश्म त्याच्याआधी जॉन माल्कमसन या डॉक्टरने दक्षिणेकडे गोळा केले होते आणि १८४० मध्ये लंडनला त्यांचं वर्णनही छापून आलं होतं. पण हिस्लॉप-हंटर यांनी एका शहराच्या आसपासची जागा न् जागा पिंजून काढली. फळं, बिया, लाकडाचे तुकडे, किड्यांचे पंख आणि भरपूर शिंपले. शाळा सांभाळून, प्रवचनं सांभाळून, उन्हातान्हात. १८५५ मध्ये नागपूर परिसराच्या भूगर्भावरचा दोघांचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात आला. १८६० मध्ये हिस्लॉपचा एकट्याचा दुसरा निबंध आला आणि त्यात त्याने या गोगलगायींना नावं दिली.

खरी मजा इथे आहे.

लॅटिनमधलं ‘कर’

मराठीत गावावरून आडनाव करायची सोय आहे. नागपूरचा तो नागपूरकर, टाकळीचा तो टाकळीकर. लॅटिनमध्ये हेच काम ‘एन्सिस’ हा प्रत्यय करतो. हिस्लॉपने एका गोगलगायीचं नाव ठेवलं पॅल्युडिना टाकलिएन्सिस, सरळ मराठीत सांगायचं तर टाकळीकर. दुसरी लिम्निया तेलंखेडिएन्सिस. होय, तीच तेलंखेडी, जिथल्या तलावावर आणि बागेत नागपूरकरांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या संध्याकाळी गेल्या. तिसरी सक्सिनिया नागपुरेन्सिस. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या गोगलगायीला नागपूरकर हे आडनाव मिळणं, याहून मोठा मान शहराला कुठला मिळायचा?

पण गावाचं नाव प्रत्येकाला देऊन चालत नाही, नाहीतर एका टाकळीत दहा टाकळीकर व्हायचे. मग रूप बघायचं. एक गोगलगाय अगदी बारीक, टोकदार, सुईसारखी. लॅटिनमध्ये छोट्या सुईला अ‍ॅसिक्युला म्हणतात, म्हणून ती पॅल्युडिना अ‍ॅसिक्युलॅरिस. एक मनोऱ्यासारखी चढत गेलेली, ती पॅल्युडिना पिरॅमिस. एक जवळपास नळकांड्यासारखी, पण पुरती नाही. त्या ‘पुरती नाही’साठी लॅटिनमध्ये ‘सब’ हा उपसर्ग आहे, म्हणून ती सबसिलिंड्रेशिया. आपण मराठीत काळपट, लांबट, गोलसर म्हणतो ना, तो ‘पट’, ‘ट’ आणि ‘सर’ म्हणजे लॅटिनचा ‘सब’. याच थरात सापडणाऱ्या एका सूक्ष्म कवचधारी जिवाचं नाव सायप्रिस सबग्लोबोसा आहे. सबग्लोबोसा म्हणजे गोलसर, बस.

फायसा प्रिन्सेपी नावाची एक मोठी गोगलगाय या थरांची ओळखच होऊन बसली. तिचं कवच इतर बहुतेक गोगलगायींच्या उलट, डावीकडे वळतं. हिला नाव आधीच, १८४० मध्ये मिळालं होतं. हिस्लॉपच्या हाती तिचे इतके नमुने लागले की त्याने तिच्यातही प्रकार पाडले : इलाँगेटा म्हणजे लांबलेली आणि इन्फ्लेटा म्हणजे फुगलेली. हवा भरलेला फुगा आणि महागाईसाठी आपण वापरतो तो इन्फ्लेशन हा शब्द, दोन्ही या इन्फ्लेटाचे नातेवाईक.

आणि तिसरी तऱ्हा, माणसांची नावं. लॅटिनमध्ये नावाच्या शेवटी ‘ई’ लावला की ‘त्याचा’ असा अर्थ होतो. युनिओ हंटेरी म्हणजे हंटरचा युनिओ, हा एक शिंपला. मित्राला केलेला नमस्कारच तो. पॅल्युडिना सँकेयी ही रिचर्ड सँकी या लष्करी इंजिनिअरच्या नावावर. सँकीही तेव्हा नागपूर भागात होता आणि त्यानेही कामठीकडचे जीवाश्म गोळा केले होते. बंगळुरूला गेलात तर सँकी टँक दिसेल, तो याच सँकीचा. पण खरं सांगायचं तर या माणसांच्या नावांत एक खोट आहे. अ‍ॅसिक्युलॅरिस म्हटलं की डोळ्यांसमोर सुई येते, टाकलिएन्सिस म्हटलं की पत्ता कळतो. सँकेयी म्हटलं की एक साहेब समोर येतो, गोगलगाय काही दिसत नाही.

कामठीची जीभ, मांगलीचं डोकं

नागपूर भूगर्भाच्या दृष्टीने भलतं नशीबवान शहर आहे. पश्चिमेला लाव्ह्याचा काळा दगड. कामठीच्या बाजूला त्याहून कितीतरी जुना, पंचवीसेक कोटी वर्षांपूर्वीच्या नद्यांनी आणून टाकलेला वालुकाश्म. आणि त्यापुढे रामटेकच्या टेकड्या, ज्या इतक्या जुन्या आहेत की त्यांच्या दगडात गोगलगाय किंवा पान शोधायला जाण्यात अर्थच नाही, तेव्हा असे जीव पृथ्वीवर नव्हतेच. सीताबर्डीहून कामठीमार्गे रामटेकला जाणारा माणूस तासा-दीड तासात काळाच्या उलट दिशेने प्रवास करतो. एसटीच्या तिकिटात.

कामठीजवळच्या सिलेवाडा वगैरे ठिकाणी हिस्लॉपला पानांचे ठसे मिळाले. ते चार्ल्स बनबरी या वनस्पतितज्ज्ञाने तपासले आणि १८६१ मध्ये त्यांचं वर्णन छापलं. त्यातली बरीच पानं ग्लॉसोप्टेरिसची होती. हा शब्द ग्रीक : ग्लॉसा म्हणजे जीभ, प्टेरिस म्हणजे नेचा. जिभेच्या आकाराचं पान. बनबरीने त्यातल्या एका जातीला म्युसीफोलिया म्हटलं. म्युसा म्हणजे केळ, फोलिया म्हणजे पान. केळीच्या पानासारखी मधली शीर आणि तिच्यापासून बाजूला गेलेल्या रेघा. जेवणाच्या पंगतीत वाढलेल्या कुणालाही हे वर्णन समजावून सांगायची गरज नाही.

आणखी एका लांब पट्टीसारख्या पानाला बनबरीने नाव दिलं नॉगेराथिया हिस्लॉपी. गोळा करणाऱ्याची आठवण. पुढे शास्त्रज्ञांना कळलं की हे पान युरोपातल्या नॉगेराथियाचं नाही, मग त्याला नॉगेराथिऑप्सिस या नव्या गटात टाकलं. ऑप्सिस म्हणजे ‘सारखं दिसणारं’. शास्त्रीय नावांचा हा नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे : पहिला शब्द, म्हणजे प्रजातीचं घर, शास्त्रज्ञ पुन्हा पुन्हा बदलू शकतात. दुसरा शब्द मात्र सहसा सोबत जातो, लग्न झालेल्या मुलीच्या माहेरच्या पेटीसारखा. पॅल्युडिनाचं पुढे विविपॅरस झालं, नॉगेराथियाचं नॉगेराथिऑप्सिस झालं, हिस्लॉपी राहिलं.

यात एक गंमतीचा भाग असा की वनस्पतिशास्त्राच्या नियमात हे नाव रोमन लिपीत शेवटी दोन ‘आय’ लावून लिहितात, आणि प्राण्यांच्या हिस्लॉपीला बहुधा एकच. हंटरच्या नावाच्या शेवटी मात्र ‘एर’ येतो, त्यामुळे त्याला दोन्हीकडे एकच. नियम करणाऱ्यांनी याचाही विचार करून ठेवलाय.

नागपूरच्या दक्षिणेला साठेक मैलांवर मांगली नावाचं गाव आहे. तिथल्या वालुकाश्मात एका प्राण्याची कवटी मिळाली आणि हिस्लॉप-हंटर यांच्यामार्फत ती लंडनला गेली. तिथे ती रिचर्ड ओवेनसमोर आली. हा तोच ओवेन, ज्याने १८४२ मध्ये डायनोसॉर हा शब्द बनवला. कवटी बेडकांच्या लांबच्या पूर्वजांपैकी, पाण्यात राहणाऱ्या एका प्राण्याची होती. तोंड आखूड आणि डोकं रुंद. ओवेनने नाव दिलं ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स. ब्रॅकिऑप्स ग्रीक, आखूड तोंडाचा. लॅटिसेप्स लॅटिन, रुंद डोक्याचा. म्हणजे एकाच गोष्टीचं दोन भाषांत दोनदा वर्णन.

१८५५ मध्ये हे नाव छापलं गेलं आणि पुढे अशाच प्राण्यांचे अवशेष जगात इतरत्रही सापडत गेले. त्या सगळ्या कुळाला ब्रॅकिऑपिडी म्हणतात. आज ऑस्ट्रेलियात एखाद्याला असा प्राणी सापडला तरी त्याच्या कुळाचं नाव विदर्भातल्या मांगलीच्या कवटीवरूनच येतं.

त्याच मांगलीच्या दगडात शिंपल्यासारखं दुहेरी कवच असलेले इवलेसे जीव होते. त्यांना १८६२ मध्ये रूपर्ट जोन्सने एस्थेरिया मांगालिएन्सिस हे नाव दिलं. मांगलीकर! त्या वेळी इंग्रजांनी गावाचं स्पेलिंग मांगाली असं केलं होतं, ते तसंच लॅटिनमध्ये गोठून राहिलं. सरकारी कागदांत गावांची स्पेलिंगं किती वेळा बदलली, पण शास्त्रीय नाव एकदा छापलं की छापलं.

जिवंत हिस्लॉप

दगडातल्या नावांबरोबर एक जिवंत नावही आहे. मुंबईत हेन्री जॉन कार्टर नावाचा लष्करी डॉक्टर होता. मुंबईच्या तलावांतले गोड्या पाण्यातले स्पंज हा त्याचा आवडता विषय. १८४९ मध्ये त्याने त्यांना नावं दिली ती बहुतेक रूपावरून : स्पाँजिला अल्बा म्हणजे पांढरा, सिनेरिया म्हणजे राखेच्या रंगाचा, प्लुमोसा म्हणजे पिसासारखा. साधा, नेमका माणूस.

१८५८ मध्ये या कार्टरने मध्य भारतातल्या एका वेगळ्याच पाणजिवाचं वर्णन केलं. शिंपल्यांवर, पाण्यातल्या वनस्पतींवर हा जीव पातळ, काचेसारख्या पारदर्शक पापुद्र्यागत पसरतो. जवळून बघितलं तर तो पापुद्रा म्हणजे शेकडो बारीक जिवांची एकमेकांना चिकटलेली वसाहत. त्याला कार्टरने नाव दिलं हिस्लॉपिया लॅकस्ट्रिस. लॅकस म्हणजे तळं, लॅकस्ट्रिस म्हणजे तळ्यात राहणारा. तळ्यातला हिस्लॉप. लाव्ह्याखाली गाडल्या गेलेल्या तळ्यांचा ठाव लावणाऱ्या माणसाला कार्टरने नेमकं नाव दिलं, मुद्दाम की सहज, कोण जाणे. नंतर हा जीव भारतभरच्या गोड्या पाण्यात सापडला. पण नाव म्हणजे पत्त्याची सक्ती नव्हे. लॅकस्ट्रिस असला तरी नदीत राहायला त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

खनिजवाल्यांनीही त्याला सोडलं नाही. डब्लिनच्या सॅम्युअल हॉटनने १८५९ मध्ये एका सुरेख हिरव्या कॅल्साइटला हिस्लॉपाइट म्हटलं आणि एका मातकट खनिजाला हंटराइट. खनिजांची नावं लॅटिनच्या नियमात येत नाहीत, तिथे ‘आइट’ लावलं की झालं. पुढे दोन्ही वेगळी खनिजं नाहीत असं ठरलं आणि ती नावं जुन्या पुस्तकांत राहिली. खनिजाची तपासणी कडक असते, नमस्कार तिथे टिकत नाही.

गोंडवन

दगड बघायला बाहेर पडलेला हिस्लॉप वाटेतली माणसंही बघत होता. नागपूरच्या उत्तरेचं, पूर्वेचं जंगल गोंडांचं. तो गोंडी शब्द टिपू लागला, त्यांचे देव, लग्नाच्या रीती, कुळं लिहून ठेवू लागला. गोंडांच्या परधान गायकांकडे असलेलं लिंगोचं मोठं गाणं त्याच्या कागदांत मूळ शब्दांसह उतरलं. ज्या भाषेला तेव्हा छापखान्यात कुणी विचारत नव्हतं, तिचे शब्द तो शिंपल्यांसारखेच जपून ठेवत होता.

आणि याच गोंडांचं नाव पुढे शास्त्रात सगळ्यात लांब गेलं. कामठीसारख्या थरांना १८७० च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या शास्त्रज्ञांनी गोंडवन हे नाव वापरायला सुरुवात केली, गोंडांच्या मुलखावरून. पुढे ऑस्ट्रियाच्या एडवर्ड स्यूसने दक्षिणेकडच्या प्राचीन महाखंडालाच गोंडवनलँड म्हटलं. ती जिभेसारखी पानं भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका सगळीकडे सापडतात, हा ही खंडं एके काळी जोडलेली होती याचा मोठा पुरावा ठरला. हिस्लॉपने सिलेवाड्यात पानं वेचली तेव्हा यातलं काहीच कुणाला ठाऊक नव्हतं.

त्याचे सगळेच अंदाज बरोबर आले असंही नाही. टाकळीचे थर त्याने डायनोसॉर संपल्यानंतरच्या युगातले मानले. आज शास्त्रज्ञ दख्खनच्या या लाव्ह्याचा मुख्य काळ डायनोसॉर संपले त्या घडीच्या अगदी आसपास, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा धरतात. काळाचा हिशोब बदलला. टाकलिएन्सिसचा पत्ता मात्र चुकीचा ठरला नाही. नावात अंदाज न घालता जे दिसलं तेच घालण्याचा हा फायदा.

बोरीचा पूर

१८५३ मध्ये रघूजी भोसले वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने नागपूर खालसा केलं. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि लवकरच रिचर्ड टेंपल त्याचा मुख्य आयुक्त झाला. टेंपलला प्रांताची माहिती हवी होती आणि ती हिस्लॉपइतकी दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

नागपूरच्या दक्षिणेला, आजच्या बुटीबोरीजवळ टाकळघाट नावाचं गाव आहे. तिथे मोठमोठे दगड वर्तुळात मांडलेले दिसतात. ही प्राचीन माणसांची दफनस्थळं. शंभरेक वर्षांनी, १९६० च्या दशकाच्या शेवटी, नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांनी टाकळघाट आणि खापा इथे रीतसर उत्खनन केलं. पण १८६३ मध्ये ही वर्तुळं म्हणजे कोडंच होतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला टेंपल ती बघायला निघाला आणि हिस्लॉप त्याच्यासोबत गेला.

४ सप्टेंबर १८६३. वर्तुळं बघून झाली. टेंपल पुढे गेला. हिस्लॉपला तिथली शाळा तपासायची होती म्हणून तो मागे राहिला आणि संध्याकाळी घोड्यावरून एकटाच बोरीच्या मुक्कामाकडे निघाला. पावसाचे दिवस. सकाळी सहज ओलांडलेला नाला तोवर भरून वाहत होता. मुक्कामावर घोडा पोचला, स्वार नव्हता. शोध घेतला तेव्हा हिस्लॉपचा मृतदेह पाण्यात मिळाला. चार दिवसांनी तो ४६ वर्षांचा झाला असता.

गोंडांबद्दलचे त्याचे कागद अर्धवट होते. टेंपलने ते जमवून, स्वतः संपादन करून १८६६ मध्ये छापून घेतले. मध्य भारतातल्या आदिवासींबद्दलच्या सुरुवातीच्या महत्त्वाच्या पुस्तकांत ते आजही मोजलं जातं.

टाकळीचं नावही पुढे आणखी चढत गेलं. १९३१ मध्ये बिरबल साहनी यांनी तिथल्या एका सूचिपर्णी झाडाच्या शंकूला टाकलिओस्ट्रोबस अलाटस हे नाव दिलं. स्ट्रोबस म्हणजे शंकू, अलाटस म्हणजे पंख असलेला. हिस्लॉपने टाकळीला आडनाव केलं होतं, साहनींनी तिला थेट घराण्याचं नाव करून टाकलं. आज त्या माळावर वस्ती आहे, रस्ते आहेत, गाडी लावायला जागा मिळत नाही. शिंपल्यांचा तो थर बघायचा तर आता संग्रहालयाच्या कपाटात आणि नावाच्या शेपटीतच बघावा लागतो.

१८४६ मध्ये सुरू झालेल्या शाळेच्या कामातून १८८३ मध्ये नागपुरात कॉलेज उभं राहिलं आणि त्याला हिस्लॉपचं नाव दिलं गेलं. सिव्हिल लाइन्समध्ये हे कॉलेज ज्या रस्त्यावर आहे, त्याचं नाव टेंपल रोड.